भिंतीवरचे देवमासे



आपल्या घरात भिंतीवर काय काय असते? देवाची तसबीर असते, वडीलधाऱ्यांचा फोटो असतो, किराणा दुकानदाराने दिलेले कॅलेंडर असते. शहरांत आता आणखी एक चाल पडली आहे. हॉटेलात, कचेरीत, दिवाणखान्यात भिंतभर एकच मोठा फोटो लावतात. त्यातलाच एक आज आम्ही तुमच्यापुढे ठेवणार आहोत. फोटोत निळेहिरवे पाणी आहे आणि पाण्यात पांढरे ठिपके. लांबून वाटते, हिरव्या लुगड्यावर कोणी तांदूळ सांडले. जवळ जाऊन पाहा. ते देवमासे आहेत!

देवमासा म्हणतात खरे, पण तो मासा नव्हे. तो हवेत श्वास घेतो आणि पिलाला दूध पाजतो. हा पांढरा देवमासा म्हणजे बेलुगा. पूर्ण वाढला की तो १२ ते १५ फूट लांब होतो. राहतो उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ समुद्रात.

असा फोटो होडीतून का निघत नाही? विहिरीवर जाऊन बघा. काठावर उभे राहून पलीकडच्या पाण्याकडे पाहिले तर आभाळच दिसते. वाकून सरळ खाली पाहिले की आतले मासे दिसतात. समुद्राचेही तसेच आहे. होडीतून फक्त ओली पाठ दिसते, तीही क्षणभर. वरून पाहिले तर सगळे अंग दिसते. पूर्वी त्यासाठी विमान लागे. आता ड्रोन आले. लग्नाच्या मांडवावर घिरट्या घालणारे ते यंत्र तुम्ही पाहिले असेलच. तेच तिकडेही उडवतात. मात्र थंडीने त्याची बॅटरी लवकर उतरते, म्हणून ती आधी अंगाच्या उबेत ठेवावी लागते.

कॅनडाच्या उत्तरेला सॉमरसेट नावाचे बेट आहे. तिथे कनिंगहॅम नावाची खाडी आहे. जुलै-ऑगस्टात बर्फ वितळून नदी खाडीत उतरते. नदीच्या तोंडाशी पाणी उथळ असते, बाहेरच्या समुद्राहून थोडे कोमटही असते. तिथे बेलुगा शेकड्यांनी येतात. कशाला? तर अंग घासायला! तळाच्या खडीवर घासून घासून जुनी पिवळट कातडी काढतात. आपण दगडाने टाच घासतो ना, तसेच. आता फोटोत नीट शोधा. पांढऱ्या आईच्या अंगाला लागून एखादे करडे पिलू पोहताना दिसेल. पिले जन्मतः गडद असतात. पांढरी व्हायला त्यांना कित्येक वर्षे लागतात. आम्हाला विचाराल तर फोटोत पाहायचे ते हे पिलूच. निळा रंग तर कुठल्याही फोटोत भडक करता येतो.

वरून पाहिल्याने ज्ञानही वाढले. नारव्हेल नावाच्या देवमाशाला ८-९ फूट लांब, पीळ पडलेला दात असतो. तो कशाला, यावर फार वाद होता. २०१७ साली कॅनडातली ड्रोनची एक फिल्म लोकांपुढे आली. त्यात नारव्हेल त्या दाताने लहान कॉड माशाला टोला मारतो, मासा बधिर होतो, मग त्याला गिळतो. दाताचा तो एक उपयोग तरी डोळ्यांनी दिसला.

याच समुद्रात बोहेड नावाचा मोठा देवमासा आहे. तो २०० वर्षांहून अधिक जगू शकतो. युरोप-अमेरिकेच्या जहाजांनी त्याची तीनशे वर्षे कत्तल केली. चरबीचे तेल दिव्यात जाळले. तोंडातल्या लवचीक पट्ट्या बायकांचे घट्ट कपडे ताठ राहावेत म्हणून वापरल्या. आज माणूस त्याचे नुसते रूप घेऊन भिंतीवर लावतो. ही गोष्ट चांगलीच म्हणायची.

पण एक गोम आहे. विकत घेणाऱ्याला फोटो जवळून काढलेला हवा असतो. मग ड्रोन खाली खाली येतो. फार खाली आला की बेलुगा कधी कधी दचकून एकदम बुडी मारतात. कातडी घासायचे राहते, पिलाची पळापळ होते. उन्हाळा तिकडे थोड्याच आठवड्यांचा असतो, हे ध्यानात घ्या. म्हणून कॅनडाने २०१८ साली नियम कडक केले. विमान असो की ड्रोन, १००० फुटांखाली उडवून देवमाशांच्या जवळ जाण्याच्या कसरती करायला मनाई आहे. खास परवाना असला तर गोष्ट वेगळी.

तेव्हा असा फोटो कोणी विकायला दाखवला तर बेधडक विचारा, हा कुठे काढला, किती उंचीवरून काढला, परवाना होता का? ज्याने नीट काढला असेल तो आनंदाने सांगेल. आणि फोटोतच सगळे देवमासे एकाच दिशेला उधळलेले, मागे फेसच फेस, असे दिसले तर पैसे खिशातच राहू द्या.