मानधनाचा हिशोब



आपणांपैकी कित्येकांच्या आई, मावशी, वहिनी धानोरा तालुक्यातील अंगणवाड्यांत सेविका किंवा मदतनीस आहेत. मुलांना सांभाळणे, गरम आहार देणे, वजन घेणे, नोंदी ठेवणे ही त्यांची कामे आपण रोज पाहतो. परंतु महिन्याला त्यांच्या बँक खात्यात येणारी रक्कम कशी बनली, हे घरात क्वचितच कोणी विचारते.

एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली, तेव्हापासून या कामाच्या मोबदल्यास ‘मानधन’ म्हणतात. शब्द मोठा सन्मानाचा खरा, पण त्याच्या आडून पुष्कळ हक्क निसटले. सेविका शासकीय पद धारण करीत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली दिला. मात्र 25 एप्रिल 2022 रोजी, गुजरातमधील दाहोद या आपल्यासारख्याच आदिवासीबहुल जिल्ह्यातील भगिनींच्या प्रकरणात, न्या. अजय रस्तोगी व न्या. अभय ओक यांनी सांगितले की हे मानधन म्हणजे वेतनच होय, आणि सेविका व मदतनीस 1972 च्या कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटीस पात्र आहेत. तो कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. हिशोबाची पद्धत तीच राहिली.

आठवीच्या विद्यार्थ्यांनी हे गणित वहीत मांडून पाहावे. महाराष्ट्र शासनाने 2024 साली सेविकेचे मानधन 10,000 वरून 13,000 रुपये केले, तर मदतनिसाचे 5,500 वरून 7,500. शेवटच्या मासिक वेतनाला 26 ने भागायचे, 15 ने गुणायचे, मग सेवेच्या वर्षांनी. 13,000 भागिले 26 म्हणजे 500. पंधरा दिवसांचे 7,500. वीस वर्षांचे दीड लाख! साधारणपणे सलग पाच वर्षांची सेवा झालेली असावी लागते. ती सिद्ध करावयाची तर नेमणुकीचा आदेश हवा, आणि तोच बहुतेक घरी पेटीच्या तळाशी वाळवीच्या तोंडी पडलेला असतो.

पासबुक दर महिन्याला भरून आणावे. कामावर आधारित प्रोत्साहन भत्ता मानधनाहून निराळा असतो. दोन्ही रकमा वेगळ्या लिहाव्यात. भत्ता कमी आला तर कोणत्या कामाची नोंद राहिली, हे पर्यवेक्षिकाबाईंना विचारण्यात संकोच कसला?

खाजगी बालवाडीत काम करणाऱ्या भगिनींनी पगारपत्रक मागून घ्यावे. त्यात भविष्यनिर्वाह निधीची कपात असेल तर बारा अंकी खाते क्रमांकही असावयास हवा, आणि मालकाचा तेवढाच वाटा निघतो की नाही हे पाहावे. व्यवसाय कराचे तर स्पष्टच आहे. एप्रिल 2023 पासून महाराष्ट्रात 25,000 रुपयांपर्यंत मासिक वेतन असलेल्या स्त्रीस तो लागत नाही. तरीही कापला असल्यास लेखी विचारणा करावी.

ज्यांचा नेमणूक आदेश हरवला आहे त्यांनी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात प्रतीसाठी लेखी अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी. अर्ज लिहिता येत नसेल तर शाळा सुटल्यावर माझ्याकडे यावे. दहावीची मुले लिहून देतील, मी तपासून देईन.