मळमळ, आले आणि सकाळची पाळी
(शाखेच्या महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही महागाई भत्त्यावर बोलणार नाही. आल्यावर बोलणार आहोत. हसू नका.

दोन वर्षांपूर्वी आमच्यातली एक भगिनी पहाटेच्या पाळीला तिकीट खिडकीवर बसत होती. तिसरा महिना, तोंडाला सतत रुमाल. रांगेतले ओरडत. वरिष्ठ म्हणाले, "ही नाटके घरी करा." उलटी होऊ नये म्हणून तिने खाणेच सोडले. आम्हाला कळले तेव्हा तिला धड उभे राहवत नव्हते.

आपल्या आया-सासवा अशा वेळी मीठ लावून आल्याचा तुकडा चघळायला देत. त्यात तथ्य आहे. थायलंडमधील चिआंग माई येथे २००१ साली ७० गरोदर स्त्रियांवर चाचणी झाली. काहींना रोज एक ग्रॅम सुंठ, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली कॅप्सूल दिली. चार दिवसांत सुंठ घेणाऱ्यांची मळमळ जास्त उतरली. उलट्यांवर मात्र आल्याचा भरवसा तेवढा नाही, हेही सांगितले पाहिजे.

एक ग्रॅम म्हणजे साधारण अर्धा लहान चमचा सुंठपूड. एकदम नव्हे, दिवसभरात तीन-चार वेळा विभागून. सकाळी उठण्याआधी कोरडी पोळी किंवा चणे खावेत, पोट रिकामे ठेवू नये. टपरीवरच्या चहावर विसंबू नका, त्यात आले नावापुरते आणि साखर मूठभर! छातीत जळजळ वाढली तर आले थांबवावे. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी कमी व गडद होत असेल, वजन उतरत असेल, तर आले-सुंठ करीत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सलाईन लागू शकते.

आता मुद्द्याचे. २००८ पासून केंद्रीय कर्मचारी भगिनींना १८० दिवसांची प्रसूती रजा आहे. पण मळमळ सुरू होते सहाव्या आठवड्याच्या सुमारास आणि बहुतेकींची विसाव्यापर्यंत थांबते. तेव्हा रजा खर्ची घातली तर बाळासाठी उरणार काय? म्हणून आमची मागणी साधी आहे: त्या काळात पहाटेची व रात्रीची पाळी नको, आणि खिडकी वा सॉर्टिंगवरून दहा मिनिटे उठण्याची मुभा हवी.

त्या भगिनीची पाळी अखेर एका सहकारी बंधूने आपसात बदलून घेतली. तिने दिलेला अर्ज अजून वरच्या टेबलावर आहे. तिची मुलगी आता चालू लागली आहे.