चैत्रातली मिरची आणि घरोघरचं प्रमाण
(वसंत व्याख्यानमालेत एपीएमसी मार्केटमध्ये दिलेले व्याख्यान)



सध्या मसाला बाजाराच्या गल्लीत शिरलं की ठसका लागतो. ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी यांची पोती उतरत असतात. ती पोती पाठीवरून वाहणारा माणूस संध्याकाळी घरी निघतो तेव्हा त्याच्या पिशवीतही मिरची असते. घरच्या वर्षभराच्या मसाल्याची. अन्न, कुटुंब आणि आपली ओळख यांचं नातं सांगायला मी आज त्याच माणसाचं घर निवडलं आहे.

एपीएमसीचे, म्हणजे कृषी उत्पन्न बाजार समितीचे, हे बाजार नवी मुंबईत वाशी-तुर्भ्यात येण्याआधी मुंबईत होते. कांदा-बटाटा बाजार १९८१ साली इकडे आला, फळं आणि भाजीपाला १९९६ साली. त्याआधी मशीद बंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट इथे ओझी उचलणारी माणसं, म्हणजे माथाडी, जावळी, पाटण, माण, खटाव, जुन्नर, आंबेगाव अशा तालुक्यांतून आलेली. बहुतेक जण मुंबईत एकटे. बायको, पोरं, आईवडील गावी. एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेली खोली, त्यात वळकट्या, आणि जेवायला खानावळ. खानावळीच्या आमटीनं पोट भरायचं, पण गावाकडून कुणी आलं की त्याच्या पिशवीतून निघणारी मसाल्याची पुडी, तिळाची चटणी आणि फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या यांची वाट सगळी खोली पाहायची. कित्येक वर्षं या माणसांचं कुटुंब त्या पुडीतूनच मुंबईत येत होतं.

कामगार नेते अण्णासाहेब पाटील यांनी या कष्टकऱ्यांना संघटित केलं आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. माथाडी मंडळं आली, भविष्य निर्वाह निधी आला, हक्काची रजा आली. या कायद्याबद्दल बोलताना आपण मजुरीचा हिशेब सांगतो. मला त्याचा आणखी एक परिणाम मोलाचा वाटतो. हाताला नियमित पैसा आला, पुढे कोपरखैरणे, घणसोलीत माथाडींची घरं झाली आणि गावची चूल नवी मुंबईत आली. नवरा-बायको-मुलं एका ताटाभोवती बसू लागली. ज्यांनी ते मिळवून दिलं त्यांचं ऋण आपल्या जेवणावरही आहे.

आता त्या घरातला कांदा-लसूण मसाला बघा. मिरचीची देठं मोडायची, उन्हात कडकडीत वाळवायची. कांदा उभा चिरून वाळवायचा आणि तेलात तळायचा. सुकं खोबरं, तीळ, खसखस, धणे, दगडफूल, नागकेशर, तमालपत्र वेगवेगळं भाजायचं. एकत्र भाजलं तर तीळ करपतात आणि धणे कच्चे राहतात. मग सगळं डंकावर कुटून आणायचं आणि लसूण घालून पुन्हा एकजीव करायचं. जिन्नस सगळ्यांकडे जवळपास तेच, प्रमाण मात्र प्रत्येक घरचं निराळं. माणदेशी सासर आणि जावळीचं माहेर असलेल्या बाईच्या मसाल्यात दोन्हीकडचा हात उतरतो. रश्शाचा पहिला घास घेऊन ‘हा आमच्याकडचा’ असं जे आपण ओळखतो, ते या प्रमाणावरून.

‘आमचं’ म्हणताना थोडं थांबू या. मिरची मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती आपल्याकडे आली. ज्वारी, बाजरी, नाचणी ही तिन्ही धान्यं आफ्रिकेतली. बाजरी तर पश्चिम आफ्रिकेत, सहाराच्या दक्षिण काठावर, चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी प्रथम पिकवली गेली. पश्चिम आफ्रिकेतल्याच घाना देशाच्या उत्तरेला ती आजही पिकते. तिथे बाजरीच्या किंवा मक्याच्या पिठाचा शिजवून घट्ट केलेला गोळा, ‘तुओ झाफी’, पालेभाजीच्या रश्शात बुडवून हाताने खातात. आपल्या धान्य बाजारातल्या बाजरीचे दूरचे भाऊबंद तिथे नांदताहेत.

नातं धान्यापुरतंच नाही. घानाची राजधानी अक्रा. तिथल्या गा समाजाचा ‘होमोवो’ नावाचा सण आहे. पूर्वजांनी भोगलेल्या दुष्काळाची आणि त्यानंतर आलेल्या सुगीची ती आठवण. सणाआधी काही आठवडे ढोल वाजवायला बंदी असते. मग लांब गेलेली माणसं आपापल्या मूळ घरी परततात, मक्याच्या पिठाचं ‘क्पोकपोई’ पामतेल घालून करतात, आधी पूर्वजांच्या नावाने शिंपडतात आणि मग पामफळाच्या रश्शाबरोबर एकत्र बसून खातात. चैत्र-वैशाखात गावच्या जत्रेला निघणाऱ्या आणि पोळीचा नैवेद्य झाल्यावर भावकीच्या पंगतीत बसणाऱ्या आपल्या माथाडीला यातलं काहीच समजावून सांगावं लागणार नाही. आणि तो मकाही आपल्या मिरचीसारखाच अमेरिकेतून समुद्रमार्गे आलेला.

म्हणून अन्नाच्या शुद्धतेचा अभिमान मला पटत नाही. परक्या मुलखातून आलेलं पीक पिढ्यान्‌पिढ्या एका घराने राबून, वाटून, पंगतीला वाढून आपलंसं केलं, तिथे परंपरा तयार झाली. आणि हे राबणं बहुतांश बायकांच्या वाट्याला आलं. मिरची मोडताना हातांची आग आग होते, रात्रभर झोप लागत नाही. परंपरेचं कौतुक करणाऱ्या पुरुषांनी देठं मोडायला बसलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आज माथाडींची मुलं शिकली, कार्यालयांत गेली, याचा मला आनंद आहे. पण इमारतीत वाळवणाला गच्ची मिळत नाही, सुट्टी मिळत नाही आणि तयार पाकीट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. पाकीट वापरण्यात कमीपणा नाही. काळजी एवढीच की प्रमाण कुठेच लिहिलेलं नाही. ते आजीच्या मुठीत आणि आईच्या अंदाजात आहे. दुसऱ्या कुणी ते जपून ठेवलेलं नाही.

माझी तुम्हाला विनंती आहे. यंदाची मिरची कुटायला जाईल तेव्हा मुलामुलींना डंकावर बरोबर न्या. घरातल्या मोठ्या बाईला शेजारी बसवून तिची मूठ वजनकाट्यावर मोजा, वहीत लिहा, आणि वर तिचं नाव आणि तिच्या गावाचं नाव घाला.