दुर्बिणीची बैठक



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांना नवल वाटलें असेल. शिकारीच्या रायफलीवर दुर्बीण कशी बसवावी, हें महाराष्ट्रांतील श्रोत्यांना सांगून काय उपयोग? आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस बंदी घातली, आणि तें योग्यच झालें असें माझें मत आहे. परंतु आपल्यांतील कित्येकांचीं मुलेंबाळें आज अमेरिकेंत स्थायिक झालीं आहेत. तेथें हंगामांत परवाना काढून हरणाची शिकार करणें कायदेशीर आहे, आणि पुष्कळ घरांतून तो पिढीजात रिवाजही आहे. माझा एक पुतण्या शेजाऱ्यांच्या संगतीनें त्यांत पडला. त्याच्या एका चुकीमुळें मला या विषयांत लक्ष घालावें लागलें.

त्यानें नवी रायफल घेतली. दुर्बीणही उंची घेतली. परंतु ती दुर्बीण ज्यांच्या आधारानें रायफलीवर बसते ते माउंट आणि त्या रिंगा, म्हणजे बैठक आणि कड्या, यांचा त्यानें विचारच केला नाहीं. हातीं आल्या त्या घेतल्या आणि घरींच बसविल्या. पुढें हंगामांत दीडशें मीटरांवरून त्यानें एका हरणावर गोळी झाडली. हरिण कोसळलें नाहीं. रक्ताचे थेंब सांडीत तें रानांत शिरलें. अंधार पडेपर्यंत शोध केला, तरी तें सांपडलें नाहीं. त्या रात्रीं त्याचा फोन आला. "काका, माझा हात हलला नव्हता हो," एवढेंच तो पुनःपुन्हां म्हणत होता.

मी शिकारी नव्हे. जन्मभर मुलांना गणित शिकविलें. तेव्हां मीं कागद घेऊन त्रिकोण काढला. समजा, दोन कड्यांमध्यें १० सेंटिमीटर अंतर आहे, आणि त्यांतील एक कडी एक दशांश मिलिमीटर, म्हणजे वहीच्या एका कागदाच्या जाडीइतकी, बाजूला सरकली. हें प्रमाण हजारांत एक झालें. म्हणजे १०० मीटरांवर गोळी १० सेंटिमीटर चुकणार, आणि १५० मीटरांवर १५. हरणाच्या छातींतील हृदय-फुप्फुसांचा मर्मभाग सुमारें २० सेंटिमीटर रुंद असतो. त्याच्या मध्यावर नेम धरला तर कडेपर्यंत दहाच सेंटिमीटर उरतात. हात स्थिर होता, दुर्बीणही निर्दोष होती. तरी गोळी मर्माबाहेर गेली, ती कागदाच्या जाडीनें.

दोष कोठें होता, तें स्क्रू काढल्यावर दिसलें. बैठकीचे स्क्रू सारख्या लांबीचे नसतात. पुढच्या छिद्राच्या खालीं नळीचें पेचाचें टोंक येतें. तेथें चुकून लांब स्क्रू घातला, तर तो नळीला जाऊन टेकतो. हाताला वाटतें, घट्ट बसला. प्रत्यक्षांत बैठक त्याच्या माथ्याखालीं सैलच राहते. म्हणून प्रत्येक स्क्रू बसविण्यापूर्वीं त्याची लांबी पाहावी.

आतां निवड कशी करावी, तें क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट, बैठक रायफलीच्या नेमक्या नमुन्यासाठींच केलेली असावी. कारण छिद्रांमधील अंतर आणि पाठीचा आकार नमुन्यागणिक बदलतो. १९६२ मध्यें निघालेल्या रेमिंग्टन ७०० ला बैठक निराळी लावावी लागते. १९६८ च्या रूगर ७७ ला ती अंगचीच असते, आणि तिला तिच्याच जातीच्या कड्या लागतात.

दुसरी, बैठक व कड्या एका मापाच्या असाव्यात. वीव्हर पद्धतीची खांच सुमारें साडेचार मिलिमीटर रुंद असते. अमेरिकन सैन्यानें १९९५ मध्यें ठरविलेल्या पिकाटिनी पद्धतीची सव्वापांच. वीव्हरच्या कड्या बहुधा पिकाटिनीवर बसतात. उलट मात्र होत नाहीं.

तिसरी, कडीचा व्यास दुर्बिणीच्या नळीइतकाच हवा. ही नळी एक इंचाची, ३० किंवा ३४ मिलिमीटरांची असते. मोठ्या कडींत कागद कोंबून लहान नळी बसविण्याची काटकसर करूं नये.

चौथी उंचीची. दुर्बिणीचें पुढचें भिंग रायफलीच्या नळीला टेकूं नये, आणि बोल्टची मूठ उचलतांना दुर्बिणीला लागूं नये, एवढीच उंची पुरे. अधिक झाली कीं गाल दस्त्यावरून उठतो आणि डोळा दर वेळीं निराळ्या जागीं येतो. डोळा व कांच यांत साधारण ९ सेंटिमीटर अंतर राहील असें पाहावें. नाहींतर धक्क्यासरशीं भुंवई फुटते.

पांचवी धातूची. साध्या रायफलीस उत्तम ॲल्युमिनियम पुरतें. जबर धक्क्याच्या रायफलीस पोलाद बरें. रायफल धक्क्यानें मागें येते, पण दुर्बीण जडत्वामुळें जागींच राहूं पाहते. म्हणून कड्या आवळण्यापूर्वीं त्या खांचेंत पुढें दाबून घ्याव्यात.

बसवितांना समोर ओळंबा टांगून दुर्बिणींतील उभी रेघ त्याशीं जुळवावी. मग कड्यांचे स्क्रू आळीपाळीनें थोडे थोडे आवळावेत, आणि तेही पीळ मोजणाऱ्या पेचकसानें. हा पीळ बहुधा दोन न्यूटन-मीटरच्या आंत असतो. तथापि कारखानदारानें दिलेला आंकडा प्रमाण मानावा. अंदाजानें आवळल्यास दुर्बिणीची नळी चेपते. शेवटीं निशाणावर गोळ्या झाडून खात्री करावी, आणि प्रत्येक हंगामापूर्वीं ती पुन्हां करावी.

माझ्या पुतण्यानें हें सर्व केलें. पण पुढचा हंगाम त्यानें निशाणाच्या फळीसमोरच घालविला. मुक्या जनावरावर शस्त्र उचलावें कीं नाहीं, याविषयीं माझें व त्याचें आजही एकमत नाहीं. परंतु उचललेंच, तर त्या जनावराला तळमळत ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाहीं, यावर आम्हां दोघांचें एकमत आहे. आणि तो धर्म पाळण्याचा आरंभ त्या चार लहानशा स्क्रूंपासून होतो.