चित्र लहान चालेल, उशिरा नको

दसऱ्याच्या आधी आम्ही गटाचा झेंडू घेऊन पुण्याला, गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेलो होतो. फुलबाजारात ही गर्दी! गावातल्या बायकांनाही माल आणि भाव दिसावा म्हणून व्हिडिओ कॉल लावला. चित्र सारखं अडकत होतं. गावाकडून "द्या, द्या" असं ऐकू आलं तोवर गिऱ्हाईक पुढच्या गाळ्यावर गेलं होतं. बायकांना दिसत होतं ते मघाचं होतं. शेवटी माल कमी भावात द्यावा लागला.

गटातल्या एका ताईंची मुलगी इंजिनिअरिंगला आहे, कॉलेजच्या रोबोट टीममध्ये. आमचं ऐकून ती म्हणाली, "मावशी, आमचंही दुखणं हेच आहे."

रोबोटच्या स्पर्धा पुण्याला नव्या नाहीत. 2008 साली बालेवाडीला आशिया-पॅसिफिक देशांची रोबोकॉन झाली, तिचा विषय चक्क दहीहंडी होता. पण काही स्पर्धांत चालवणाऱ्याला रोबोट दिसतच नाही. अमेरिकेतल्या फर्स्ट रोबोटिक्स स्पर्धेत 2019 साली सामन्याचे पहिले 15 सेकंद चालकांपुढे पडदा असे. रोबोटने आधी शिकवल्याप्रमाणे आपोआप चालायचं, नाहीतर चालकाने रोबोटवरच्या कॅमेऱ्याचं चित्र बघून चालवायचं. आणि हे चित्र बिनतारी पाठवायला मर्यादा होती सेकंदाला 4 मेगाबिट.

आता हिशोब करा. रोबोट सेकंदाला 2 मीटर धावतो आणि चित्र अर्धा सेकंद उशिरा येतं. म्हणजे चालकाला रोबोट दिसतो त्याच्या 1 मीटर पुढे तो पोचलेला असतो. भिंतीला धडकणारच.

उशीर का होतो? वाट अरुंद आणि माल जास्त. यार्डाच्या फाटकावर टेम्पोंची रांग लागते, तशी चित्रांची रांग लागते. यावर मुलींनी केलेले उपाय साधे आहेत. चित्र लहान करायचं: 1280 बाय 720 ठिपक्यांऐवजी 320 बाय 240 घेतलं, तर ठिपके 12 पटींनी कमी होतात. सेकंदाला 30 चित्रांऐवजी 15 पाठवायची. रांगेत अडकलेलं जुनं चित्र टाकून द्यायचं, ताजं तेवढं दाखवायचं. आणि चाचणी रिकाम्या खोलीत न घेता, शंभर मोबाईल चालू असलेल्या गर्दीत घ्यायची.

हा नुसता खेळ नाही. पुण्यात दिघीला डीआरडीओच्या प्रयोगशाळेने 'दक्ष' नावाचा रोबोट बनवला आहे. तो बॉम्ब निकामी करायला पुढे जातो आणि जवान लांब राहून कॅमेऱ्यातून बघत त्याला चालवतो. तिथे मघाचं चित्र काय कामाचं?

यातून आम्ही दोन गोष्टी शिकलो. बाजारातून व्हिडिओचा हट्ट धरायचा नाही, मालाचा एक फोटो आणि भाव तेवढा पाठवायचा. दुसरं, रोबोटला आधी शिकवून ठेवतात तसं किमान भाव आदल्या दिवशी बैठकीतच ठरवायचा आणि यार्डात उभ्या असलेल्या बाईला निर्णयाचा अधिकार द्यायचा. दिवाळीचा झेंडू आम्ही असाच विकला. कुणाला फोन करत बसावं लागलं नाही.

आणि हो, तुमची मुलगी रोबोट टीममध्ये जाते म्हणाली, तर "ते पोरांचं काम" म्हणू नका. तिला जाऊ द्या.