मुलींनो, नदी आपल्या मोरीतून सुरू होते



कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या मिळून आपली पंचगंगा होते. कोल्हापूरहून ती पुढे इचलकरंजीकडे जाते. त्या इचलकरंजीत २०१२ साली दूषित पाण्यामुळे काविळीची साथ आली आणि माणसे दगावली. आपण गटारात जे सोडतो ते खालच्या गावाच्या वाट्याला येते, हे विसरून चालणार नाही.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांबरोबर आपल्या वाडवडिलांनी पाण्याचा हक्क बजावला. हक्काबरोबर पाणी राखण्याची जबाबदारीही आपल्याकडे आली आहे.

मग रोज काय करावे? बाजाराला जाताना कापडी पिशवी न्यावी. प्लास्टिकच्या पिशव्यांना राज्यात २०१८ पासून बंदी आहेच. तांदूळ, भाजी धुतलेले पाणी झाडांना घालावे. जुन्या वह्यांची कोरी पाने शिवून कच्ची वही करावी. पाळीचे पॅड मोरीत किंवा संडासात टाकू नये. कागदात गुंडाळून कचऱ्यात वेगळे द्यावे. सुती कापड वापरत असाल तर ते साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावे. अंधाऱ्या कोपऱ्यात लपवलेले ओलसर कापड आजाराला आमंत्रण देते. यात लाज कसली?

मात्र हा भार एकट्या मुलींनी का वाहावा? घरातील भावाच्या हातीही पिशवी द्या, बादली द्या. आम्ही वडीलधाऱ्यांनीही आधी आपली मोरी तपासावी, मग तुम्हांला उपदेश करावा.