मुरूम टाकण्याआधी पाणी काढा

आज बोलायचं आहे ते घरापासून डांबरी सडकेपर्यंतच्या आपल्या वाटेबद्दल. जालना जिल्ह्यात कितीतरी कुटुंबं शेतवस्तीवर राहतात. उन्हाळ्यात त्या वाटेवरून ट्रॅक्टर जातो, मोटारसायकल जाते. मृगाचे दोन पाऊस झाले की तिथंच चप्पल रुतून बसते.

आमच्या वस्तीची वाट ३०० फुटांची. एका वर्षी आम्ही पैसे जमवून तिच्यावर मुरूम टाकला. पोळ्यापर्यंत तो चिखलात गडप झाला. त्याच पावसाळ्यात धाकट्या जावेला कळा सुरू झाल्या. गाडी सडकेवरच थांबली आणि तिला बाजेवरून न्यावं लागलं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, पण तो दिवस विसरता येत नाही. तेव्हा कळलं, की आम्ही मुरूम टाकला होता, पण पाणी काढलं नव्हतं.

आपली माती काळी. पाणी प्याली की फुगते, मऊ पडते. वाळली की आकसते आणि भेगा पडतात. अशा मातीवर नुसता मुरूम टाकला, की चाकाच्या दाबानं तो खाली जातो आणि चिखल वर येतो. म्हणून पहिलं काम मुरुमाचं नाही, पाण्याचं.

पाऊस पडत असताना डोक्यावर घोंगता घेऊन वाटेवरून एकदा चाला. पाणी कुठून येतं, कुठं साचतं, कुठं वाट ओलांडतं, ते बघा आणि तिथं खुंट्या ठोका. १० फूट रुंद आणि ३०० फूट लांब वाटेवर एक इंच पाऊस झाला, तर नुसत्या वाटेवरच जवळपास ७ हजार लिटर पाणी पडतं. शेतातून येणारं वेगळंच. त्याला वाट दिली नाही, तर ते आपल्या वाटेवरूनच जाणार.

काम उन्हाळ्यातच करावं. वरची सैल काळी माती वीतभर खरडून काढा. ती चांगली माती आहे, शेतात टाका. दोन्ही बाजूंनी चर खणा. चराचा तळ मुरुमाच्या तळापेक्षा खाली हवा आणि त्याला ओढ्याकडे किंवा नाल्याकडे उतार हवा. तोंड बंद असलेला चर म्हणजे नुसतं डबकं. उतार बघायला गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी पुरते. दोघीजणी मिळून माप घेता येतं.

पाणी जिथं वाट ओलांडतं, तिथं सिमेंटचा पाईप टाकून मोरी करा. पाईपवर किमान फूटभर भराव असू द्या, नाहीतर भरल्या ट्रॉलीखाली तो फुटतो. पाणी पडतं त्या तोंडाशी दगड रचा, म्हणजे माती खचणार नाही.

आता मुरूम. मूठभर ओला करून दाबून बघा. हाताला चिकट माखला तर त्यात माती जास्त. गोळाच धरला नाही तर तो रस्त्यावर बसणार नाही. खडा बोटांनी चुरडला गेला तर मुरूम कच्चा. गोळा धरणारा पण हात न माखणारा, टणक खड्यांचा मुरूम घ्या. आमच्या मापाच्या वाटेला अर्धा फूट थर म्हणजे १५ ब्रास. दाबल्यावर तो बसतो, म्हणून १८ ते २० ब्रास धरावा. जिथं जास्त रुततं तिथं आधी दगडांचं सोलिंग करा. मुरूम एकदम ओतू नका. चार-चार बोटं जाडीचा थर, त्यावर पाणी, मग रोलर, मग पुढचा थर. मधला भाग कडेपेक्षा तीन इंच उंच ठेवा, म्हणजे पाणी दोन्हीकडं चरात उतरेल.

हे पाणी शेजाऱ्याच्या रानात सोडू नका. भांडणं तिथूनच सुरू होतात. आपला जिल्हा कमी पावसाचा. चराचं पाणी शेततळ्यात घेता आलं तर उत्तम, फक्त वाटेत गाळ बसायला एक खड्डा ठेवा. गढूळ पाणी थेट विहिरीत मात्र नको.

वाट दुसऱ्याच्या बांधावरून जात असेल तर आधी बोलून घ्या. जमलं नाही, तर शेतात जाण्यासाठी बांधावरून रस्ता मिळावा म्हणून जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. चालू वाट कुणी अडवली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली दाद मागता येते. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. वाट अनेक घरांची असेल तर पाणंद रस्त्याची मागणी ग्रामसभेत मांडा. आणि ठराव लिहिताना त्यात मोरी आणि चर आहेत ना, हे बघा. नाहीतर मुरूम येतो आणि एका पावसाळ्यात जातो.

पुढची देखभाल सोपी आहे. मृगाआधी चर आणि मोरी साफ करा. चाकोऱ्या पडल्या की लगेच मुरुमानं बुजवा. केजव्हील लावलेला ट्रॅक्टर ओल्या वाटेवर आणू देऊ नका.

१९७२ च्या दुष्काळात आपल्या आज्यांनी आणि सासवांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली, घमेली वाहिली. मराठवाड्यातल्या कितीतरी रस्त्यांखाली बायकांचे कष्ट आहेत. रस्त्याचं काम आपल्याला नवीन नाही. फक्त तो कुठून जावा आणि त्याचं पाणी कुठं जावं, हे ठरवायलाही आता आपण बसायचं. येत्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला, की गटातल्या कुणाच्या वस्तीला पावसाळ्यात गाडी पोचत नाही, एवढी यादी तरी करा. त्यात गरोदर बाईचं घर असेल, तर ते सगळ्यात वर लिहा.